वहीला ठाऊक हवं

गेल्या आठवड्यात शाळेतून घरी आले, पर्स ठेवते न ठेवते तोच बेल वाजली. दारात पलीकडच्या इमारतीतल्या वहिनी. हातात एक जाडजूड रजिस्टर आणि चेहरा असा, की परीक्षेला बसवलंय पण पुस्तक कुठलं ते कुणी सांगितलंच नाही.

"अहो, मला सोसायटीचं चेअरमन केलंय," बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात, वहिनी, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सही करायची. तुम्ही करताय ना हे काम? खरंच नुसती सही असते का हो?"

मी चहाचं आधण ठेवता ठेवता हसले. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, चार वर्षांपूर्वी मलाही ऐकवलं होतं. त्यावर विश्वास ठेवल्याची किंमतही मी मोजली आहे. वहिनींना जे सांगितलं ते आज तुम्हालाही सांगते. कारण सोसायटी असो, महिला मंडळ असो की बचत गट, आज ना उद्या ते रजिस्टर तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात येणारच आहे.

"वहिनी, तुम्ही फक्त सही करा"

आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची, तीन मजली. कमिटीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यांतल्या एका जागेवर मी निवडून आले. निवडून कसली, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. मग चेअरमन कोण, असा प्रश्न आला तेव्हा एकाला ऑफिसातून वेळ नव्हता, दुसऱ्याला रक्तदाब होता, तिसऱ्याचं मुलाकडे जाणं-येणं होतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बी. ए. झालेल्या, शाळेत अर्धा दिवस शिकवता. तुम्हीच व्हा. काम सगळं सेक्रेटरीकाका बघतील."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. जिन्याखालच्या पाटीवर माझं नाव लागलं तेव्हा माझ्या मुलाने ते चार वेळा मोठ्याने वाचलं. सासूबाईंनी साखर ठेवली हातावर. 'हे' मात्र एवढंच म्हणाले, "बघ हं. आता नळाला पाणी आलं नाही तरी लोक आपलंच दार वाजवणार."

सेक्रेटरीकाका निवृत्त गृहस्थ, कामाला वाघ आणि पैशाला स्वच्छ. संध्याकाळी रजिस्टर घेऊन यायचे. त्याच वेळी माझी पोळ्यांची घाई. "इथे, इथे आणि इथे," ते बोट ठेवायचे आणि मी पिठाचा हात पदराला पुसून सही करायची. काय लिहिलंय ते वाचायची कधी गरजच वाटली नाही. एकदा तर काका गावी जायचे होते म्हणून दोन कोऱ्या चेकवरही सही करून दिली. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. काका भले म्हणून निभावलं.

बासष्ट हजारांची गोष्ट

त्या वर्षी जूनच्या पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या घरात छत गळायला लागलं. आजी एकट्या राहतात. मी वर जाऊन पाहिलं तर पाण्याची धार थेट विजेच्या बोर्डावरून खाली येत होती. काका नेमके गावाला. खजिनदारांचा फोन लागेना. वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आदल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराची गळती ज्याने काढली होती, त्या कंत्राटदाराला मी फोन केला. तो माणसं घेऊन आला. ताडपत्री घातली, भेगा बुजवल्या, गच्चीवरचं पाणी वाहून नेणारा तुंबलेला पाइप बदलला. तीन दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा उरलेलं काम पुरं केलं. बिल झालं बासष्ट हजार. काका आल्यावर रीतसर दोन सह्यांचा चेक दिला. कमिटीतल्या मंडळींना जिन्यात भेटल्या भेटल्या सांगितलं. सगळे म्हणाले, "बरं केलंत, वेळेवर सुचलं."

विषय संपला, असं मला वाटलं.

सप्टेंबरात वार्षिक सभा भरली. हिशेबाचा कागद सगळ्यांच्या हातात होता. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. आवाज चढवला नाही त्यांनी, ते मला जास्त लागलं. "हे बासष्ट हजार कोणत्या सभेत मंजूर झाले? दुसऱ्या कुणाचं कोटेशन घेतलं होतं का? आणि हा कंत्राटदार चेअरमनबाईंच्या घरचं काम करणारा आहे. हा योगायोग समजायचा का?"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. जिन्यात "बरं केलंत" म्हणणारे सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. मी इतिवृत्ताची वही उलटीपालटी केली. जुलैचं पान पाहिलं, ऑगस्टचं पाहिलं. त्या गळतीबद्दल, त्या कामाबद्दल एक अक्षर नव्हतं. 'हे' उठून काही बोलणार, तेवढ्यात मी हातानेच त्यांना बसवलं. नवऱ्याने बाजू घेतली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं.

घरी येऊन पोटभर रडले. आजवर कुणाच्या चार आण्यांना हात लावला नाही, आणि चोवीस बिऱ्हाडांसमोर असा प्रश्न! राजीनामा लिहायला कागदही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आजी आल्या. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेली बाई. मला वाटलं, समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "तू पैसे खाल्ले नाहीस हे मला ठाऊक आहे. पण मला ठाऊक असून काय उपयोग? वहीला ठाऊक हवं. त्या गृहस्थांवर रागावू नकोस. त्यांचेही पैसे आहेत त्यात. त्यांनी विचारायलाच हवं होतं."

"मग काल सभेत बोलला का नाहीत?" मी जरा रागानेच विचारलं.

"छत माझं वाचलं ना! मी तुझ्या बाजूने बोलले असते तर लोक काय म्हणाले असते?"

पुस्तक उघडलं तेव्हा

त्या दिवशी मी पहिल्यांदा सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक उघडलं. बायलॉज म्हणतात ते हेच. सात महिने खुर्चीवर बसून झाले होते आणि पुस्तक काकांच्या कपाटात होतं! महाराष्ट्रात सहकारी संस्थांचा कायदा 1960 सालचा आहे आणि 2019 साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच घातलं आहे. उपविधी म्हणजे त्या कायद्याच्या चौकटीत आपल्या सोसायटीने स्वीकारलेले घरचे नियम.

त्यात अध्यक्षाबद्दल फार मोठं काही लिहिलेलं नाही. संस्थेच्या कारभारावर एकूण देखरेख, नियंत्रण आणि मार्गदर्शन, तेही कायदा, नियम आणि उपविधी यांच्या चौकटीत राहून. आणि पुढचीच ओळ वाचताना मी थांबले. तातडीच्या प्रसंगी अध्यक्ष कमिटीचे अधिकार वापरू शकतो, पण तसं करण्याची कारणं त्याने लेखी नोंदवायची आणि तो निर्णय कमिटीच्या पुढच्याच सभेत मंजूर करून घ्यायचा.

म्हणजे मैत्रिणींनो, मी जे केलं ते करण्याचा मला अधिकार होता! "विजेच्या बोर्डावर पाणी पडत असल्याने, सेक्रेटरी बाहेरगावी असल्याने, आजच काम सुरू करण्यास सांगितले," एवढी दोन ओळींची नोंद त्या दिवशी केली असती आणि पुढच्या सभेत ती वाचली असती, तर कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नसती. काम बरोबर होतं. दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या.

राजीनाम्याच्या कागदावर मी कमिटीला खुलासा लिहिला. नोंद वेळेवर केली नाही ही माझी चूक, असं त्यात स्वच्छ कबूल केलं. कमिटीने बाहेरच्या एका इंजिनियरकडून काम आणि बिल तपासून घेतलं. ते रास्त निघालं. मग विशेष सर्वसाधारण सभा बोलावून सगळे कागद टेबलावर ठेवले. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एक एक कागद वाचला आणि म्हणाले, "आता माझं काही म्हणणं नाही." हात वर करणाऱ्यांत पहिला हात त्यांचा होता. तेव्हापासून कुठलीही कोटेशनं उघडायची असली की मी त्यांना मुद्दाम बोलावते.

कोणी काय करायचं

आपल्याकडे कार्याच्या घरी एक वडीलधारी बाई असते बघा. ती स्वतः पोळ्या लाटत बसत नाही. पण कुणाच्या पानात भात वाढायचा राहिला, कोण जेवायचं थांबलंय, गॅस कुठे उगाच चालू आहे, हे सगळं तिच्या नजरेत असतं. अध्यक्षाचं काम मला तसं वाटतं.

पत्रव्यवहार, सभेच्या नोटिसा, इतिवृत्त, दप्तर ही सेक्रेटरीची कामे. जमाखर्च आणि हिशेबाची पुस्तके यांवर खजिनदाराचे लक्ष असावे. अध्यक्षाने यांपैकी कुणाचेही काम ओढून घेऊ नये. मात्र ते काम होते आहे की नाही, हे विचारत राहावे. कमिटीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी आणि तिची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी निघायला हवी. वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि ती सभा 30 सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे. तिला गणसंख्या लागते ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल ती. आमच्या चोवीसांत सोळा माणसे. ती मोजल्याशिवाय सभा सुरू करू नये.

सभा चालवणे ही अध्यक्षाची खरी परीक्षा. इथे मला शाळेचा उपयोग झाला. वर्गात पहिल्या बाकावरची तीन मुलं सारखी हात वर करतात आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीला उत्तर येत असूनही ती बोलत नाही. सभेतही तेच. मोठ्या आवाजाची दोन-तीन माणसे बोलतात आणि बाकीच्यांचं ऐकायचंच राहतं. मी आता क्रमाने विचारते, "तुमचं काय म्हणणं?" आणि माझं मत सगळ्यात शेवटी सांगते. सुरुवातीलाच चेअरमनने सांगून टाकलं की निम्मे लोक मान डोलावतात आणि निम्मे मनात धरून घरी जातात. मते समसमान पडली तर अध्यक्षाला आणखी एक निर्णायक मत असते. ते मिठासारखं वापरावं, अगदी अडल्यावरच. चार वर्षांत मी ते एकदाच वापरलं.

आणि विषय संपला की झालेला ठराव मोठ्याने वाचून घ्यावा. "असं ठरलं ना?" असं सगळ्यांना विचारूनच पुढे जावं. नाही तर महिन्याभराने प्रत्येकाला वेगळंच आठवतं. हल्ली मोबाइलच्या ग्रुपवर अंगठे दाखवून निर्णय घ्यायची सवय लागली आहे. पण अंगठा म्हणजे ठराव नव्हे. चर्चा तिथे खुशाल करावी, निर्णय मात्र सभेत आणि वहीतच.

मैत्री आणि खुर्ची

आता जरा अवघड गोष्ट. वहिनींनी मला विचारलं, "ओळखीच्यांचं काय करता?"

आमच्याच जिन्यातली माझी एक मैत्रीण. तिच्या घरचा मेंटेनन्स अकरा महिने थकला होता. घरी अडचण होती, मला ठाऊक होतं. कमिटीत थकबाकीची यादी निघाली की मी तिचं नाव आलं की पुढच्या विषयाकडे वळायची. कुणी काही बोलायचं नाही. पण एकदा तळमजल्यावरच्या भाजीवाल्या काकू म्हणाल्या, "ताई, माझे दोन महिने राहिले तर मला चिठ्ठी आली. त्यांना का नाही आली?"

मला उत्तर देता आलं नाही. सोसायटीचे पैसे म्हणजे जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, सफाईवाल्या बाईंचा पगार. एकाने दिले नाहीत की ते दुसऱ्याच्या खिशातून जातात. आणि त्यात दर महिन्याला काकूंसारखीचे पैसे असतात. एका मैत्रिणीवर माया करायला मी दुसऱ्यांचे पैसे वापरत होते.

पुढच्या सभेत थकबाकीदार तिघांनाही एकाच मजकुराचं पत्र द्यायचं ठरलं. हप्ते पाडून देण्याची सोय तिघांनाही ठेवली. पत्र जायच्या आधी मी मैत्रिणीकडे जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा विचारला नाही. सहा हप्त्यांत तिने सगळे पैसे भरले. पण त्या वर्षी ती माझ्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली नाही. यंदा मुलीला पाठवलं. वाण घेताना मुलगी म्हणाली, "आईने विचारलंय, मावशी बरी आहे ना?" एवढ्यावरच मी समाधान मानलं आहे. पहिल्याच महिन्यात बोलले असते तर गोष्ट अकरा महिन्यांवर आणि मैत्रीवर गेली नसती, हे मात्र मनातून जात नाही.

खुर्ची नवी नाही

"बायकांना हे जमतं का हो?" जाता जाता वहिनींनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली तेव्हा तिच्या अध्यक्षा होत्या रमाबाई रानडे. लग्न होऊन आल्यावर न्यायमूर्तींनी शिकवलं तेव्हा अक्षरं गिरवलेली ही बाई पुढे पुण्याच्या सेवासदनाचा कारभार बघत होती. आणि सहकारी सोसायटीही आपल्याकडे कालची नव्हे. देशातली पहिली गृहनिर्माण सोसायटी म्हणून जी ओळखली जाते ती मुंबईत गावदेवीला 1915 साली उभी राहिली. शंभराहून अधिक वर्षं माणसं एका छपराखाली पैसे एकत्र करून, वही ठेवून राहताहेत. आपण घरात दूधवाल्याची, इस्त्रीवाल्याची तारीखवार नोंद ठेवतोच ना? मग सोसायटीची का नाही जमणार?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. कमिटीच्या निर्णयांना कमिटीचे सगळे सदस्य एकत्र आणि एकेकटेही जबाबदार असतात. "मी फक्त सही केली" हे उत्तर तिथे चालत नाही. सही केली म्हणजे ते वाक्य तुमचं झालं.

चहा कधीच गार झाला होता. वहिनींनी रजिस्टर मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी कणीक भिजवायला आत गेले. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, "अहो, इथे मार्चच्या सभेत मी हजर होते असं लिहिलंय. मी तर तेव्हा माहेरी होते!"

मी म्हटलं, "सही करू नका. आधी विचारा."

कापून कपाटाच्या दाराला लावावे असे काही

1. पद घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात उपविधींची प्रत आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. अहवालात दाखवलेले दोष दुरुस्त झाले का, ते पाहा.

2. कोऱ्या चेकवर, कोऱ्या पानावर सही नाही. कुणी कितीही विश्वासाचे असले तरी नाही. सोसायटीचा चेक सेक्रेटरी आणि सोबत अध्यक्ष किंवा खजिनदार अशा दोन सह्यांचा असतो, तो एकमेकांवर लक्ष राहावे म्हणूनच.

3. तातडीने काही करावे लागले तर त्याच दिवशी कारण लिहा, तारीख घाला, पुढच्याच सभेत मंजुरी घ्या.

4. ज्या विषयात आपला किंवा आपल्या घरच्यांचा फायदा-तोटा असेल, त्या चर्चेच्या वेळी उठून बाहेर जा, आणि बाहेर गेल्याची नोंद करायला सांगा.

5. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग फंडात जमा व्हायला हवी. ती खरोखर जमा होते का, पासबुक उघडून बघा. इमारत म्हातारी होते तेव्हा हाच पैसा कामाला येतो.

6. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला शत्रू समजू नका. त्याच्यामुळे आपली वही नीट राहते.

7. मुदत पाच वर्षांची असते. पाटीवरून नाव उतरेल त्या दिवशी सगळी दप्तरे मोजून, यादी करून, पोच घेऊन पुढच्यांच्या हाती द्या.